पाच स्पीकरांची पंगत

चंद्रकांतराव करंबेळकरांच्या घरात कोणतीही वस्तू सरळ पायांनी आत येत नसे. आधी तिचा अर्ज यायचा, मग तिचे तीन भाव यायचे, मग तुलनेचा तक्ता व्हायचा, आणि एवढ्या चाळण्यांतून जी टिकेल ती वस्तू एकदाची मल्लेश्वरमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर चढायची. चंद्रकांतराव म्हणजे सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात चौतीस वर्षं काढलेले इंजिनिअर, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं खरेदी समितीवर. निवृत्त होताना बाकीचे लोक शाल आणि घड्याळ घेऊन घरी गेले. हे समिती घेऊन आले.

मिक्सर समितीनं आणला, गाद्या समितीनं आणल्या. मुलीच्या, वेदिकाच्या, लग्नातला आचारीसुद्धा बंद लिफाफ्यातून निघाला होता, नियमाप्रमाणे सगळ्यात कमी भावाचा. त्या लग्नातल्या मठ्ठ्याचा विषय नातेवाईक अजून काढतात आणि नयनाताई अजून तो बदलतात.

या समितीत नयनाताईंचं पद कायमचं होतं: इंडेंटर. कारखान्याच्या भाषेत इंडेंटर म्हणजे 'मला अमुक वस्तू हवी' असं लिहून देणारा माणूस. आजवर त्यांनी पुष्कळ लिहून दिलं. पुढचं सगळं चंद्रकांतराव बघायचे, इंडेंटरची सहीसुद्धा तेच ठोकायचे, तेवढाच वेळ वाचतो म्हणून. नयनाताईंनी कधी वाद घातला नाही. मिक्सर तो मिक्सर, फिरला म्हणजे झालं.

या वेळचा अर्ज मात्र निराळा होता. त्यांना घरच्या कॉम्प्युटरसाठी चारी बाजूंनी आवाज देणारे स्पीकर हवे होते. पुढे तीन, मागे दोन आणि धडधड वाजणारा एक वूफर. चांगले ताकदीचे, हॉल भरून टाकणारे. आणि ते आठवड्याच्या आत हवे होते.

त्याचं कारण सांगायला हवं. नयनाताई बावीस वर्षं मराठी मंडळाच्या नाटकांना आवाज देत आल्या होत्या. आवाज म्हणजे गाणं नव्हे. विंगेत स्टुलावर बसायचं आणि करवंट्यांवर टांगा हाकायचा, पत्रा हलवून वीज पाडायची, जुन्या कडीकोयंड्यावरून कुणाच्या तरी सासऱ्याला घरात घ्यायचं. नाटकाच्या पत्रिकेत त्यांचं नाव शेवटून दुसरं असायचं. शेवटचं चहावाल्याचं. लॉकडाऊनमध्ये बाकीच्या बायका केक शिकल्या, नयनाताई कॉम्प्युटरवर आवाज कापायला आणि जोडायला शिकल्या. चौसष्टाव्या वर्षी त्यांना कळलं की हे काम आपल्याला नुसतं येत नाही, फार चांगलं येतं. आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा मंडळानं स्पर्धेसाठी नाटक घेतलं ते 'मागची पंगत'. सगळं नाटक अंधारात. प्रेक्षकांनी मध्ये पाटावर बसायचं आणि त्यांच्याभोवती लग्नघर ऐकू यायचं. वाढपी त्यांच्या पाठीमागून फिरणार, स्वयंपाकघरातलं भांडण एका कोपऱ्यातून येणार, नवरीची आई भिंतीशी रडणार. बघायला काही नाही, नाटक म्हणजे आवाजच. वाचन झालं तेव्हा नयनाताईंच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं जणू याच नाटकाची वाट पाहिली होती.

मंडळाचा नवा सेक्रेटरी रविकिरण. पुण्याचा पोरगा, इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या हुद्द्यावर, कामाला वाघ, पण जिभेला ब्रेक नाही.

"काकू, डोन्ट माइंड," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पण हे प्रोफेशनल काम आहे. कोरमंगलात माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे, त्यांना देऊन टाकू. तुमच्या करवंट्या वगैरे म्हणजे, दे आर सो क्यूट, पण स्पर्धेला ते नाही चालणार ना!"

क्यूट! बावीस वर्षांच्या कामाला त्यानं एका शब्दात लहान मुलाच्या टोपऱ्यात बसवलं. नयनाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी अकराला, समिती घेऊन माझ्या घरी ये. पहिली दहा मिनिटं तयार असतील. ऐका. नाही पटली तर खुशाल स्टुडिओकडे जा, मी जन्मात पुन्हा करवंटीला हात लावणार नाही."

बोलून तर बसल्या. जिना उतरताना घरचा कॉम्प्युटर आठवला. घरी कॉम्प्युटरला जे दोन स्पीकर होते ते काडेपेटीच्या भावंडांसारखे. मागून येणारा आवाज बांधायचा तर मागे स्पीकर नको? डोळे बांधून रांगोळी घालायला सांगितल्यासारखं झालं ते.

घरी येऊन त्यांनी चंद्रकांतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला, कपाटातून कोरी फाइल काढली आणि वर लिहिलं: 'ध्वनियंत्रणा, गृहोपयोगी, नग एक.'

"अहो, यात समिती कशाला? दुकानात जाऊ, ऐकू आणि घेऊन येऊ."

"ऐकू? नयना, ऐकणं ही व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे. उद्या कुणी आक्षेप घेतला तर?"

घरात दोन माणसं. आक्षेप घेणार कोण, हे विचारायचं नयनाताईंच्या ओठावर आलं होतं. पण माणूस उत्साहानं कामाला लागला होता आणि त्यांच्यासाठीच लागला होता.

चार दिवस तपशील लिहिण्यात गेले. स्पीकर किती, ताकद किती वॅट, वायर किती मीटर, हमी किती वर्षं. खोक्यावरचे फुगवलेले आकडे धरायचे नाहीत, खरे धरायचे, हेही चंद्रकांतरावांनी ठणकावून लिहिलं, कारण त्या बाबतीत त्यांना कुणी बनवणं शक्य नव्हतं. नयनाताई तोंडी सांगत होत्या, "मला मागचा आवाज फक्त मागूनच यायला हवा. डावीकडचा डावीकडून." समितीच्या भाषेत ते झालं: 'आवाज सर्व बाजूंनी यावा.' वाचायला छानच दिसत होतं.

पत्रं गेली. उत्तरं आली. सहाव्या दिवशी सकाळी चंद्रकांतराव हॉलमध्ये लिफाफे लावत बसले होते आणि आत गॅसवर दूध होतं. अडतीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी दुधाची हाक कधी ऐकली नव्हती. कुकरच्या सात शिट्ट्या व्हाव्यात, दूध उतू जाऊन सगळ्या घरात करपट वास सुटावा, आणि यांनी पान उलटावं. नयनाताई नेहमी हातातलं टाकून धावत. त्या दिवशीही त्या धावल्या, दूध काठाशी आलं होतं, हात बटणाकडे गेला, आणि मध्येच थांबला. लग्नघर आहे. चुलीवर दूध आहे. भांडणाच्या भरात कुणाचं लक्ष नाही.

त्यांनी खिडकीतला छोटा रेकॉर्डर उचलला आणि पातेल्याजवळ धरला. दूध फुगलं, काठावरून उतरलं आणि चर्रर्र करून बर्नरवर पसरलं. नयनाताई उभ्या राहून ऐकत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दूध हौसेनं उतू जाऊ दिलं. हॉलमधून पान उलटल्याचा आवाज आला.

ओटा पुसून त्या बाहेर आल्या तेव्हा चंद्रकांतराव खुशीत होते. तीनपैकी एक ऑनलाइनवाला नियमात बसत नव्हता, तो बाद. राहिले दोन. एक जयनगरातलं मोठं शोरूम, दुसरं एस. पी. रोडवरचं मंजुनाथ नावाच्या माणसाचं दुकान.

"शोरूमच्या मालाची ताकद जवळजवळ दुप्पट आहे," ते म्हणाले, "आणि मला वाटतं भावही कमी निघेल. म्हणजे प्रश्नच मिटला. उघडू लिफाफे?"

"थांबा."

चंद्रकांतराव थांबले. समितीच्या कामात त्यांना कुणी थांबवलं नव्हतं.

नयनाताईंनी कपाटातून एक जुनी फाइल काढून आणली. 'गृहखरेदी नियमावली', वीस कलमं, चंद्रकांतरावांनी स्वतः टाइप केलेली. आदल्या दुपारी त्या ती पहिल्यांदा वाचून बसल्या होत्या. त्यांनी चौदाव्या कलमावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "'वस्तू कामास योग्य असल्याची इंडेंटरने स्वतः चाचणी घेऊन सही केल्याखेरीज दराचा लिफाफा उघडू नये.' इंडेंटर कोण?"

"तू."

"माझी सही कुठाय?"

"ती मी नेहमी..." आणि चंद्रकांतराव बोलता बोलता अडकले. त्यांचा चेहरा असा झाला की नयनाताईंना क्षणभर दयाच आली. आजवरच्या सगळ्या फायली त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असाव्यात. मिक्सर, गाद्या, आचारी.

"नियम म्हणजे नियम," शेवटी ते म्हणाले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. "चाचणी कुठे घ्यायची?"

"दोन्ही दुकानांत. माझ्या आवाजावर. आपला कॉम्प्युटर नेऊन."

कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखालचं ते अवजड काळं धूड. आठ वर्षांपूर्वी चंद्रकांतरावांनी सुटे भाग आणून जोडलेलं. वेदिका दर दिवाळीला म्हणायची की हे भंगारात द्या आणि लॅपटॉप घ्या. दुसऱ्या दिवशी ते धूड सोलापुरी चादरीत गुंडाळून ऑटोत बसलं, दोघांच्या मध्ये. ऑटोवाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. "स्वल्प सावकाश, अण्णा," नयनाताईंनी सांगितलं, आणि तो खरंच खड्डे चुकवत निघाला.

जयनगरच्या शोरूमनं गारेगार हवेत स्वागत केलं. स्पीकर कमरेएवढे उंच, अंगावर निळे दिवे. विक्रेत्या पोरानं स्वतःचं काहीतरी लावून दाखवलं तेव्हा वूफरच्या दणक्यानं शेजारच्या फडताळाची काच थरथरली आणि नयनाताईंच्या छातीतही काहीतरी हललं. ताकद होती, यात वाद नाही. चंद्रकांतरावांनी मान डोलावली.

मग त्यांचं धूड जोडलं गेलं. नयनाताईंनी आवाज आणला होता तो साधाच. त्या स्वतः एका हातात स्टीलची बादली आणि दुसऱ्यात पळी घेऊन घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती चालल्या होत्या, आणि मंडळातल्या आप्पाजींच्या घोगऱ्या आवाजात एकच हाक होती: "मठ्ठा घ्या, मठ्ठा!" शेवटच्या फेरीला सनई-चौघडा जोडला होता. कॉम्प्युटरवर त्यांनी तो वाढपी चार भिंतींना वाटून दिला होता. पुढून निघून उजवीकडून मागे, मागून डावीकडे. कागदावर बरोबर होतं. कानांनी त्यांनी तो कधी फिरताना ऐकलाच नव्हता.

त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. बादली वाजली. पुढून वाजली, मागून वाजली, उजवीकडून आणि डावीकडूनही वाजली. एकाच वेळी. आप्पाजी पाच तोंडांनी एकदम ओरडले. वाढपी कुठेही गेला नाही, जागच्या जागी फुगला.

"फुल सराउंड, मॅडम!" पोरगा म्हणाला.

नयनाताईंनी डोळे उघडले. आपलीच जोडणी चुकली की काय? घरात बसून, न ऐकता, मनानंच बांधलेला आवाज. रविकिरणचं खरंच बरोबर असलं तर? त्या पुन्हा ऐकायला उभ्या राहिल्या, पुन्हा तेच. सगळीकडून बादली, म्हणजे कुठूनच नाही.

तेवढ्यात चंद्रकांतराव, वय वर्षं अडुसष्ट, शोरूमच्या चकचकीत फरशीवर चक्क गुडघे टेकून बसले आणि वूफरच्या पाठीमागे डोकं घातलं. बराच वेळ ते तिथेच होते. बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले.

"वायर एकच आहे," ते हळू म्हणाले. "आत जायला वाट एकच. पुढच्यांना जे मिळतं तेच हा मागच्यांना वाटून देतो. स्पीकर पाच, पण बोलणं एकाचंच. मी स्पीकर मोजले, नयना. वाटा नाही मोजल्या."

"म्हणजे माझं चुकलं नाही?"

"तुझं नाही. तपशील माझा चुकला."

हे वाक्य नयनाताईंनी अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना खरं तर तिथेच त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवावंसं वाटलं. पण चंद्रकांतरावांचा पडलेला चेहरा बघून त्यांनी फक्त चादर उचलली आणि म्हणाल्या, "चला, अजून एक दुकान आहे."

एस. पी. रोडवर ऑटोला आत शिरायला जागा नव्हती. मंजुनाथनं धूड स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तो निपाणीकडचा, घरात कन्नड, धंद्यात चार भाषा, आणि मराठी माणूस दिसला की गावाकडची मराठी. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मालकानं बाहेर उभं राहायचं.

"अक्का, खाली बसा की. चहा सांगतो," तो म्हणाला आणि धुडाची पाठ फिरवून बघू लागला. बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. "आयला! हिरवं, काळं, नारिंगी, तिन्ही भोकं हायत की! आजकालच्या लॅपटॉपला एकच असतंय बगा. हे कुणी जोडलं?"

"मी," चंद्रकांतराव म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज सरळ निघाला. "आठ वर्षांपूर्वी. तेव्हा घरात सगळे हसले होते."

"हसूंदे की. तीन वायरी तीन भोकांत. पुढच्याला वेगळं, मागच्याला वेगळं, मधल्याला नि वूफरला वेगळं. सरी? बरोबर न्हवं?"

त्याचे स्पीकर काळे, ओबडधोबड, दिवाबिवा काही नाही. त्यानं पुढचे तीन काउंटरवर ठेवले, मागचे दोन रिकाम्या खोक्यांवर, आणि नयनाताईंना मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. हात एकमेकांत घट्ट धरलेले होते.

समोरून बादलीची कडी करकरली. पावलं उजवीकडे निघाली. कानाजवळून गेली. मग मागे गेली, खरोखर मागे, आणि नयनाताईंच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण पाठीशी कुणीतरी उभं होतं. "मठ्ठा घ्या, मठ्ठा!" डाव्या खांद्यावरून आप्पाजी वाकून बोलले. आणि चालते झाले.

नयनाताई रडायला लागल्या. एस. पी. रोडच्या गर्दीत, मंजुनाथच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदरानं डोळे पुसत. आनंदच तो. जे इतके दिवस डोक्यात फिरत होतं ते खोलीत फिरलं होतं, आणि ते त्यांनी, करवंटीवाल्या काकूंनी, केलं होतं.

"आवाज स्वल्प वाढवू?" मंजुनाथनं घाबरत विचारलं.

"सगळा वाढव," त्या म्हणाल्या.

त्यानं वाढवला. सनईच्या सुरावर चौघडा सुरू झाला तेव्हा दुकानाचं अर्धं शटर झणझणलं, समोरच्या गाळ्यातला माणूस उठून बघायला आला, आणि तरीही बादलीची कडी त्या सगळ्या गलक्यातून वेगळी, बारीक, आपल्या वाटेनं फिरत राहिली. वॅट शोरूमपेक्षा कमी होते. ताकद मात्र इथेच होती.

चंद्रकांतरावांनी खिशातून फाइलचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि पेन नयनाताईंच्या पुढे धरलं. 'इंडेंटर' या शब्दाखालची जागा कोरी होती. त्यांनी सही केली, अगदी पूर्ण नावानिशी, आणि खाली ठसठशीत रेघ ओढली.

पुढचे आठ दिवस घर म्हणजे लग्नघरच झालं. चंद्रकांतरावांनी टेप लावून हॉलचा मध्य काढला, मागचे स्पीकर कानाच्या उंचीला यावेत म्हणून स्टुलं आणली, उजवा मागचा नेमका स्वयंपाकघराच्या दाराशी लावला आणि वायरी सतरंजीखालून अशा नेल्या की कुणी अडखळू नये. मग ते बाजूला झाले आणि नयनाताईंना जे लागेल ते आणून देऊ लागले. पाट आपटायचा तर पाट, पत्रावळ फाडायची तर पत्रावळ. सुरुवातीला त्यांनी दोनदा सुचवलं की चौघडा जरा कमी करावा. नयनाताई म्हणाल्या, "लेखी द्या." त्यांनी पुन्हा सुचवलं नाही.

रविवारी बरोबर अकराला रविकिरण आला. बरोबर आप्पाजी आणि समितीचे दोन सभासद. रविकिरणच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर बारा वाजता दुसरीकडे जायचं असल्याचा भाव.

"काकू, टेन मिनिट्स ना? लॅपटॉप कुठंय?"

नयनाताईंनी टेबलाखालचं धूड दाखवलं. तो हसला, पण सभ्यपणानं.

मध्ये पाच पाट मांडले होते. चौघे बसले, पाचव्यावर चंद्रकांतराव बसले. जाड पडदे ओढले, दाराच्या फटीला टॉवेल लावला. नयनाताईंनी कॉम्प्युटरचा पडदाही विझवला आणि अंदाजानं बटण दाबलं. त्यांना स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते.

आधी काहीच नाही. मग दूरवर सनई. मग पाट सरकले, डावीकडे, उजवीकडे, पत्रावळी पसरल्या, पाण्याचं भांडं कुठेतरी कलंडलं आणि एक बाई हसली. घर भरत गेलं. समोर नवरीचा मामा कुणावर तरी डाफरला. मग मागून पावलं निघाली. बादलीची कडी. "मठ्ठा घ्या, मठ्ठा!" अंधारात कुणाचातरी श्वास अडखळलेला नयनाताईंनी ऐकला. वाढपी गेला, दुसरा आला. "जिलबी! अहो, एक तर घ्या! लग्नाची आहे, नाही म्हणायचं नाही!" डाव्या कानाशी वाकला, गेला असं वाटलं, आणि फिरून उजव्या कानाशी आला. "घ्याच! माझा आग्रह म्हणून!" चौघडा चढला. हॉलच्या खिडकीची तावदानं वाजू लागली. त्या दणदणाटाखाली स्वयंपाकघरात दोन जावा दबक्या आवाजात भांडत होत्या, शब्द वाढत गेले, कुणाचं लक्ष नव्हतं, आणि दाराकडून चर्रर्र आवाज करत दूध उतू गेलं.

मग सगळं थांबलं. नयनाताईंनी उठून खिडकीचा पडदा बाजूला सारला.

ऊन आत आलं. समितीचे दोघे डोळे चोळत होते. आप्पाजी, ज्यांचा स्वतःचाच आवाज होता, ते मागे वळून भिंतीकडे बघत होते. आणि रविकिरण पाटावर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात समोरच्या रिकाम्या सतरंजीवर आडवे धरून. पंगतीत आग्रह करणाऱ्यानं आणखी वाढू नये म्हणून पानावर हात धरतात ना, अगदी तसे. पुण्याच्या त्या पोरानं नसलेल्या पानावर नसलेली जिलबी अडवून धरली होती.

त्याचं त्यालाच कळलं. त्यानं हात बघितले, मग ते काढून घेतले.

"मला गोड आवडत नाही, काकू," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणून एकदम..."

"तो स्टुडिओवाला काय म्हणालास, कुठला?" आप्पाजींनी विचारलं.

"कुठला स्टुडिओ?" रविकिरण म्हणाला. मग उठला आणि सरळ नयनाताईंच्या पाया पडला. "सॉरी, काकू. करवंट्यांबद्दल. पूर्ण नाटक तुमचंच. आणि पत्रिकेत नाव पहिलं."

नयनाताईंनी त्याला उठवलं. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो लपवायची त्यांना अजिबात गरज वाटली नाही. "पहिलंच लाव," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात."

तेवढ्यात आप्पाजी म्हणाले, "आमचे करंबेळकर कुठे गेले?"

पाचवा पाट रिकामा होता. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. नयनाताई स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि तिथेच थबकल्या.

चंद्रकांतराव गॅससमोर उभे होते. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात ओटा पुसायचं फडकं. गॅस बंद होता, ओटा कोरडा होता आणि दुधाचं पातेलं सकाळपासून फ्रीजमध्ये होतं. ते शेगडीकडे बघत होते, मग फडक्याकडे, मग पुन्हा शेगडीकडे.

"अगं, दूध उतू गेलं ना आत्ता?"

"गेलं," नयनाताई म्हणाल्या. "नऊ दिवसांपूर्वी. तेव्हा तुम्ही लिफाफे लावत होतात."

चंद्रकांतरावांना उजवा मागचा स्पीकर आठवला असावा. त्यांनीच तो टेप लावून या दाराशी बसवला होता. त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आधी लाजलेलं आणि मग चांगलं खदखदून. अडतीस वर्षांत हा माणूस दुधासाठी पहिल्यांदा उठला होता, आणि उठवलं ते नयनाताईंच्या दुधानं. त्या दाराला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हॉलमधून रविकिरण पुन्हा एकदा लावा म्हणून विनवत होता.

"लावते रे, थांब!" त्यांनी ओरडून सांगितलं, आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, आता उठलाच आहात, तर सगळ्यांचा चहा टाका."